गजकर्ण उलटतोय: टर्बिनाफिनचा डोस दुप्पट करावा, की औषधच बदलावं?

आरोग्यकेंद्र_घाटमाथा (प्रश्न)

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पातळीवरची अडचण आहे. त्वचारोगवाल्यांनी आणि लॅबवाल्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जांघ, कंबर, नितंब, काख, स्तनांखालची घडी अशा जागी हाताच्या पंजाएवढे लाल चट्टे, कड उठावदार आणि खाज जीव नकोसा करणारी. पुस्तकातलं औषध म्हणजे टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज एक, दोन ते चार आठवडे, सोबत मलम. ते दिलं की खाज कमी होते, चट्टा मधून निवळतो, पण कड जागची हलत नाही. गोळ्या संपल्या की पंधरवड्यात गजकर्ण उलटतो. बहुतेकांनी आमच्याकडे येण्याआधी मेडिकलमधून आणलेली कुठलीशी ट्यूब महिना-दोन महिने चोळलेली असते.

तर विचारायचं असं: टर्बिनाफिन ५०० करण्याची पद्धत सगळीकडे पडलीय, तिला आधार आहे का? बुरशीचं दुसरं औषध, इट्राकोनॅझोल, द्यायचं तर रोज १०० मिलिग्रॅम की २००, आणि किती दिवस? आमच्याकडे सूक्ष्मदर्शक आहे, बुरशीचं कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी वाढवून ओळखणं, होत नाही. तेवढ्यावर काय निभावता येईल? आणि त्याच घरातल्या शाळकरी मुलाच्या डोक्यात कोंड्यासारखं दिसलं, तर ते याच बुरशीचं धरायचं का?

---

त्वचाविभाग_ओपीडी

डॉक्टर, टर्बिनाफिनचं आधी सांगते. ५०० करून फारसं हाती लागत नाही, आणि ते का लागत नाही हे आता रेणूच्या पातळीवर कळलेलं आहे.

गजकर्णाची बुरशी म्हणून आपण सगळे ट्रायकोफायटन रुब्रम शिकलो. गेल्या दहा-बारा वर्षांत देशात त्याची जागा दुसऱ्याच बुरशीने घेतली. आधी तिला ट्रायकोफायटन मेंटाग्रोफायटिसचा आठवा जनुकप्रकार म्हणत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी नेपाळ आणि भारतातल्या रुग्णांकडून मिळालेल्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा दिला आणि ट्रायकोफायटन इंडोटिनी असं नाव ठेवलं. ही मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जाते, म्हणजे घरात एकाला झाली की अंथरूण-टॉवेलातून बाकीच्यांना लागते. २०२३ च्या मे महिन्यात न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने प्रसिद्ध केली. त्यातली एक बाई अलीकडे परदेशात गेलेलीच नव्हती. तुमच्या रुग्णांचे नातेवाईक अमेरिकेत किंवा युरोपात असतील आणि त्यांना असाच न हटणारा नायटा असेल, तर तिथल्या डॉक्टरांना भारतात कधी येऊन गेलो ते आवर्जून सांगा म्हणावं. तपासणीची दिशाच बदलते.

आता टर्बिनाफिन का हरतं ते बघा. हे औषध बुरशीच्या स्क्वालीन इपॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) जाऊन चिकटतं. विकर अडलं की पेशीपटलाला लागणारं अर्गोस्टेरॉल तयार होत नाही, आत स्क्वालीन साचतं आणि बुरशी मरते. इंडोटिनीच्या पुष्कळ नमुन्यांत या विकराच्या ३९७ व्या जागी फिनाइलॲलनिन या अमिनो आम्लाऐवजी ल्युसिन आलेलं असतं, किंवा ३९३ व्या जागचं ल्युसिन बदललेलं असतं. औषध ज्या खाचेत बसायचं तिचा आकारच बिघडतो. मग बुरशी थांबवायला लागणारं औषधाचं प्रमाण दुपटीने नाही, कितीतरी पटींनी वाढतं. २५० चे ५०० करून ती दरी भरत नाही. पोट आणि यकृत मात्र दुप्पट औषध सोसतं. देशातल्या आठ ठिकाणांहून आलेल्या नमुन्यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात या बुरशीचे सुमारे ७१ टक्के नमुने टर्बिनाफिनला दाद देत नव्हते.

म्हणून टर्बिनाफिन मोडीत काढा असं मात्र मी म्हणणार नाही. पहिल्यांदाच झालेला, तळहाताएवढा, ट्यूब न लावलेला चट्टा असेल तर नुसत्या मलमावर किंवा मलम आणि टर्बिनाफिन २५० वर सुरुवात करायला हरकत नाही. फक्त तीन-चार आठवड्यांनी कड बघायची. नवीन खवले येत असतील तर त्याच औषधाचा दुसरा महिना लिहू नका.

इट्राकोनॅझोलवर दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयातल्या गटाचा अभ्यास २०२२ मध्ये आला. रोज १००, २०० आणि ४०० असे तीन गट. १०० आणि २०० मध्ये ना बरं होण्यात फरक पडला, ना लागलेल्या वेळात. दोन्हीकडे सरासरी सात आठवड्यांच्या वर गेलं. ४०० ला पाच आठवड्यांच्या आसपास लागले. उलटण्याचं प्रमाण मात्र मोठं निघालं, पुढच्या दोन महिन्यांत बऱ्या झालेल्यांपैकी निम्म्यांच्या जवळपास. या अभ्यासातून आपण उचलायचा आकडा आहे सात आठवडे. चिठ्ठी लिहिली जाते पंधरा दिवसांची, रुग्णाला चौथ्या दिवशी बरं वाटतं, आणि गोळ्या तिथेच थांबतात. मी २०० ने सुरुवात करते, पण १०० देणाऱ्याला चूक म्हणणार नाही. कॅप्सूल महाग पडते म्हणून रुग्ण मध्येच सोडणार असेल, तर १०० नेटाने आठ आठवडे हे २०० तीन आठवड्यांपेक्षा केव्हाही चांगलं. ४०० सर्रास देऊ नये.

औषध थांबवायचं कधी, यावरही गोंधळ असतो. खाज थांबणं ही खूण धरू नका. कड सपाट झाली, बोट फिरवलं तर खरखर लागत नाही, आणि कडेच्या जागेचं खरवडण सूक्ष्मदर्शकाखाली कोरं, म्हणजे बुरशी न दिसता, आलं, इतकं झाल्यावर थांबा. मागे राहणारा तपकिरी डाग महिनोन्महिने टिकतो. तो बुरशीचा नाही, त्यावर मलमं संपवू नका.

---

बुरशी_लॅब

सूक्ष्मदर्शक आहे म्हणता ना, मग निम्मं काम झालं. खरवडणीचं तंत्र नीट लिहितो, कारण "बुरशी दिसली नाही" असे जे रिपोर्ट येतात त्यातले बरेचसे चुकीच्या जागेवरून घेतल्यामुळे येतात.

चट्ट्याच्या मध्यावरून काही घेऊ नका. मध्य निवळलेला असतो, बुरशी कडेवर असते. आधी स्पिरिटच्या बोळ्याने जागा पुसा, म्हणजे लावलेलं मलम, पावडर आणि वरचे जिवाणू जातात. सुकू द्या. मग बोथट पातं किंवा काचपट्टीची कड त्वचेला तिरपी धरून कडेवरून बाहेरच्या बाजूला खरवडा. कोरड्या कोंड्यासारखे दिसणारे पापुद्रे काळ्या कागदावर पाडलेत तर किती मिळाले ते कळतं. चिमूटभर तरी हवेत.

काचपट्टीवर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचे एक-दोन थेंब, त्यात पापुद्रे, वर कव्हरस्लिप. जाड खवल्यांना २० टक्के चालतं. १० ते २० मिनिटं थांबायचं. घाई असेल तर ज्योतीवरून दोनदा हलकेच फिरवा, उकळी आली की स्फटिक बनतात आणि पट्टी वाया जाते. कव्हरस्लिप बोटाने हलकी दाबा, पेशी पसरतात. आधी दहापटीच्या भिंगाखाली, प्रकाश कमी करून, सगळी पट्टी फिरवून बघा, मग चाळीसपटीचं भिंग. प्रकाश पूर्ण ठेवला तर तंतू पार दिसेनासे होतात, नवख्यांची हीच चूक होते. तंतू पेशींच्या सीमा ओलांडून सरळ जातो, त्याची जाडी सारखी असते, आत आडवे पडदे असतात, आणि तो फांद्या फोडतो. पेशींच्या कडांना धरून जाळीसारखी नागमोडी जाणारी रेघ म्हणजे बुरशी नव्हे, तो आभास असतो. कापसाचा धागा तर नेहमीच फसवतो. त्याची जाडी कमीजास्त असते आणि टोकं विस्कटलेली असतात.

स्टिरॉइडची ट्यूब लावलेल्यांच्या पट्टीत तंतूंचं जाळं दिसतं, बुरशीला रान मोकळं मिळाल्यासारखं. अशा रुग्णाचा चट्टा डोळ्यांना फिका दिसतो आणि काच वेगळंच सांगते. म्हणून दिसण्यावर जाऊ नका. उलट नुकतंच आठवडाभर बुरशीचं मलम लावलेलं असेल तर पट्टी कोरी येऊ शकते. शक्य असेल तर मलम थांबवून आठवड्याने पुन्हा घ्या.

या तपासणीने बुरशी आहे की नाही एवढंच कळतं. कोणती, आणि कोणत्या औषधाला दाद देते, ते नाही. कल्चर सॅबुरो माध्यमावर, क्लोरॅम्फेनिकॉल आणि सायक्लोहेक्झिमाइड घालून, २५ ते २८ अंशांवर चार आठवड्यांपर्यंत ठेवतात. तिथेही इंडोटिनी आणि तिची जुनी बहीण मेंटाग्रोफायटिस नुसत्या दिसण्यावरून वेगळ्या करता येत नाहीत, त्याला जनुकक्रम वाचावा लागतो. म्हणून प्रत्येकाचं कल्चर पाठवायचा हट्ट नको. इट्राकोनॅझोल नीट घेऊन आठ आठवड्यांनंतरही पट्टीत तंतू आहेत, अशांचे पापुद्रे कोरड्या कागदी पुडीत घडी घालून वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागाकडे पाठवा. प्लास्टिकच्या डबीत पाठवू नका, ओल धरते आणि दुसरंच काहीतरी उगवतं. पुडीवर रुग्णाने घेतलेली औषधं आणि दिवस लिहा.

---

फार्मसी_काउंटर

इट्राकोनॅझोल "लागू पडत नाही" अशी तक्रार आली की बुरशीला दोष देण्याआधी कॅप्सूल पोटात विरघळते का ते विचारा.

हे औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला आम्ल लागतं आणि भरल्या पोटाचं जेवण लागतं. कॅप्सूल उघडली तर आत साबुदाण्याच्या बारीक दाण्यांसारखे गोळे दिसतात; साखरेच्या दाण्यावर औषधाचा थर चढवलेला असतो. दाणे बारीक, एकसारखे आणि भरपूर असतील तर औषधाचा एकूण पृष्ठभाग वाढतो आणि ते लवकर सुटतं. दाणे ओबडधोबड आणि मोजके असतील तर तेच १०० मिलिग्रॅम नीट सुटत नाही. कंपन्याकंपन्यांत इथे फरक पडतो, आणि भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी यावर लिहिलेलंही आहे. दर आठवड्याला जी स्वस्त मिळेल ती, असं बदलत राहू नये.

घ्यायची वेळ: दुपारच्या किंवा रात्रीच्या पूर्ण जेवणाच्या शेवटच्या घासाबरोबर. चहा-बिस्किट म्हणजे जेवण नव्हे. उपासाच्या दिवशी हाच घोळ होतो, त्या दिवशी फराळ पोटभर झाल्यावर घ्या म्हणावं.

आणि ज्यावर कुणी बोट ठेवत नाही ते: "गोळ्या गरम पडतात" म्हणून सोबत लिहिली जाणारी ॲसिडिटीची कॅप्सूल. पँटोप्राझोल पोटातलं आम्ल कमी करतं, म्हणजे इट्राकोनॅझोल शोषलं जायचा रस्ताच बंद. त्यात ती मळमळीच्या डोमपेरिडॉनसह असेल तर आणखी वाईट. इट्राकोनॅझोलमुळे डोमपेरिडॉनची रक्तातली पातळी चढते आणि हृदयाचे ठोके बिघडण्याचा धोका असतो. ही जोडी एका चिठ्ठीवर दिसली तर मी डॉक्टरांना फोन करतो. ॲसिडिटीचं पातळ औषध किंवा चघळायची गोळी लागलीच, तर इट्राकोनॅझोलच्या तासभर आधी किंवा दोन तास नंतर.

चिठ्ठी लिहिण्याआधी विचारायच्या आणखी गोष्टी. हृदय कमजोर असल्याचं निदान आहे का? असेल तर हे औषध नको. कोलेस्टेरॉलसाठी सिम्व्हास्टॅटिन चालू आहे का? दोन्ही एकत्र चालत नाहीत, स्नायू विरघळू शकतात. ॲटॉर्व्हास्टॅटिन आणि रक्तदाबाची ॲम्लोडिपिन यांची पातळीही चढते. पाय सुजले, अंग दुखलं तर लगेच या असं सांगून ठेवावं. यकृताची तपासणी आधी करावी, आणि महिन्यापलीकडे गेलात तर पुन्हा. सुबा प्रकारची (जास्त शोषली जाणारी) कॅप्सूल असेल तर जेवणावर एवढं अवलंबून नसतं, पण तिचे ५० मिलिग्रॅम म्हणजे नेहमीच्या कॅप्सूलचे १००. ५० वाचून रुग्ण दोन घेतो, ते टाळा.

आता त्या ट्यूबबद्दल. रुग्णाला "स्टिरॉइड लावलं होतं का" विचारलं तर तो नाही म्हणतो, कारण त्याला ते नाव माहीत नसतं. ट्यूब किंवा खोकं घेऊन यायला सांगा आणि घटक वाचा. क्लोबेटासॉल, बेटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन ही स्टिरॉइडं. 'सॉल' आणि 'झोल' यात गल्लत होते: केटोकोनॅझोल, लुलिकोनॅझोल ही बुरशीची औषधं, क्लोबेटासॉल मात्र सगळ्यात जहाल स्टिरॉइड. एका ट्यूबमध्ये बुरशीचं औषध, जिवाणूंचं औषध आणि क्लोबेटासॉल ०.०५ टक्के असं कडबोळं असतं. खाज दोन दिवसांत थांबते ती स्टिरॉइडने. त्वचेची लढायची ताकद दबते, लाली जाते, बुरशी आत पसरते. ट्यूब थांबवली की दुप्पट भडकते, आणि माणूस पुन्हा तीच ट्यूब मागायला येतो.

मार्च २०१८ मध्ये १४ स्टिरॉइड मलमं शेड्यूल एच मध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, घातली गेली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ज्या ३२८ मिश्रणांवर बंदी आली, त्यात अशी काही मलमंही होती. तरी चिठ्ठीशिवाय ती हातात पडतात, हे आमच्या धंद्याला लाजिरवाणं आहे. जो दुकानदार नायट्याला क्लोबेटासॉल देतो, तो त्या घराचं चार महिन्यांचं दुखणं विकत देतो.

---

आरोग्यकेंद्र_घाटमाथा

तिघांचेही आभार. पँटोप्राझोलचं आमच्याकडून सर्रास होतंय, ते उद्यापासून बंद.

अडचण पुरवठ्याची. सरकारी साठ्यात इट्राकोनॅझोल नेहमी नसतं; बुरशीच्या गोळ्यांत फ्लुकोनॅझोल १५० आणि ग्रिसिओफुल्विन असतं, व्हिटफिल्डचं मलम असतं. यांवर किती भरवसा ठेवावा? गरोदर बाईला काय द्यावं? आणि ज्याने सहा-सहा महिने क्लोबेटासॉल चोळलंय, त्याचं ते एकदम थांबवायचं का?

---

त्वचाविभाग_ओपीडी

बनारस हिंदू विद्यापीठातला २०२० चा अभ्यास नेमका याच चार औषधांवर आहे. दोनशे रुग्ण, आठ आठवडे. बरे झाले ते असे: इट्राकोनॅझोल ६६ टक्के, फ्लुकोनॅझोल ४२, टर्बिनाफिन २८, ग्रिसिओफुल्विन १४. सगळ्यात चांगल्या औषधालाही तिघांतला एक दाद देत नाही, ही सध्याची परिस्थिती आहे, रुग्णाला ती पहिल्याच दिवशी सांगितलेली बरी. आठ आठवड्यांची तयारी असलेला रुग्ण गोळ्या सोडत नाही.

फ्लुकोनॅझोलच्या ४२ मागचा डोस मात्र बघा: दर किलोला ५ मिलिग्रॅम, रोज. साठ किलोच्या माणसाला रोज ३०० झाले. आपण लिहितो आठवड्यातून एकदा १५०. त्या डोसावर ४२ टक्क्यांची अपेक्षा धरू नका. ग्रिसिओफुल्विन अंगावरच्या गजकर्णाला मी आता देत नाही.

व्हिटफिल्ड स्वस्त आणि चांगलं आहे, त्याला लोक उगाच जुनाट समजतात. बेंझोइक आम्ल ६ टक्के, सॅलिसिलिक ३ टक्के. हे बुरशी थेट मारण्यापेक्षा तिच्यासकट खवले सोलून काढतं, त्यामुळे औषधाला न जुमानणाऱ्या बुरशीवरही चालतं. पाठ, पाय, कंबर, नितंब इथे दिवसातून दोनदा. जांघेच्या घडीत, जननेंद्रियांवर, चेहऱ्यावर नाही. तिथे सालपटं निघून जखम होते आणि रुग्ण त्यालाच "ॲलर्जी" म्हणून पुन्हा स्टिरॉइड लावतो. लसूण-लिंबू चोळून भाजलेली त्वचाही अशीच फसवते. ती आधी साध्या व्हॅसलिनने शांत होऊ द्या, मग मलम.

गरोदर बाईला पोटातून काही नको. क्लोट्रिमॅझोल १ टक्का दिवसातून दोनदा, आणि प्रसूतीनंतर पुढचं.

स्टिरॉइडचं असं: जांघेपुरतं महिना-दोन महिने लावलं असेल तर सरळ थांबवा. आठ-दहा दिवस खाज भडकेल, हे आधीच सांगून रात्रीसाठी खाजेची गोळी सेटिरिझिन १० द्या, नाहीतर तो पाचव्या दिवशी ट्यूबकडे परततो. पण पाठ-पोट-मांड्या असं अंगभर क्लोबेटासॉल महिनोन्महिने चोळलेलं असेल, आठवड्याला ५० ग्रॅमच्या वर, तर शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड (कॉर्टिसॉल) बनवणारी अधिवृक्क ग्रंथी दबलेली असू शकते. थकवा, चक्कर, उभं राहिल्यावर रक्तदाब पडणं दिसलं तर सकाळी आठचं कॉर्टिसॉल तपासा आणि वर पाठवा. मांडीच्या आत उमटलेले लालसर-पांढरे वळ कायमचे राहतात, ते जातील अशी आशा लावू नका. आणि एका चट्ट्यात दुसरं कडं, जुन्या कड्याच्या आत नवं कडं असं दिसलं की समजावं, इथे स्टिरॉइड लागलेलं आहे. रुग्ण नाही म्हणत असला तरी.

---

उपकेंद्र_परिचारिका

गोळ्यांबद्दल तुम्ही सगळ्यांनी लिहिलंत. घरात काय करायचं ते मी लिहिते, कारण औषध बरोबर असूनही उलटतं ते इथे.

पुरुषांना आणि लहान मुलांना कमरेचा करदोटा काढायला सांगा. कायम ओला राहणारा, कधीही न धुतला जाणारा दोरा नेमका चट्ट्यावर घासत असतो. तसाच मनगटातला गंडा आणि पायातला काळा दोरा. मूल असेल तर आजी सहज ऐकत नाहीत. "नवा बांधा, पण अंग साफ झाल्यावर, आणि जुना जाळून टाका" असं म्हटलं की ऐकतात. काढायला लावून विषय संपवू नका, नव्याची सोय ठेवा.

कपडे: रुग्णाचे आतले कपडे, टॉवेल, चादर घरच्या बादलीत एकत्र भिजवायचे नाहीत. साध्या पाण्याच्या धुण्याने बुरशी जात नाही, पाणी ६० अंशांवर हवं. थर्मामीटर कुठून आणणार, तर दोन तांबे उकळतं पाणी आणि एक तांब्या साधं, या हिशेबाने बादली भरावी आणि झाकून ठेवावी. बंबाचं नुसतं आंघोळीचं पाणी पुरत नाही. कपडे उलटे करून उन्हात. पावसाळ्यात ऊन नसतं, तेव्हा इस्त्री, आणि तीही आतल्या बाजूने, जांघेच्या शिवणीवर आणि इलॅस्टिकवर दाबून. दमट चड्डी अंगावर सुकवायची सवय असते, ती मोडा. घट्ट जीन्स आणि नायलॉनच्या लेगिंग्ज औषध संपेपर्यंत बाजूला.

मलमाचं गणित बायकांना बोटावर दाखवते. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून काढलेली एक सलग वळी म्हणजे अर्धा ग्रॅम, ती बोटांसह दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. चट्टे मिळून सहा तळहात भरत असतील तर एका वेळी दीड ग्रॅम. दिवसातून दोनदा लावायचं मलम असेल तर ३० ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपते. रुग्ण दीड महिन्याने तीच ट्यूब अर्धी भरलेली आणून दाखवतो, याचा अर्थ त्याने लावलेलंच नाही. लुलिकोनॅझोल एकदाच लावायचं असतं, ते वीस दिवस जातं. चट्ट्याच्या बाहेर दोन सेंटिमीटर रुंद कडं धरून लावायचं, आणि आधी बाहेरून आत यायचं, आतून बाहेर नाही. आंघोळीनंतर घडी पुसून कोरडी करून मग. चट्टा गेल्यावर दोन आठवडे चालूच.

घरातल्या सगळ्यांना एकाच दिवशी बघा. सासूबाई "मला काही नाही" म्हणतात आणि पदराखाली चट्टा निघतो. एकट्या सुनेला औषध देऊन पाठवलं तर महिन्याने ती परत येणारच.

---

बालत्वचा_चिकित्सा

राहिलेला डोक्याचा प्रश्न. घरात अंगाचा नायटा आहे म्हणून मुलाच्या डोक्यातही तोच, असं धरू नका. इंडोटिनी टाळूवर क्वचितच जाते. पण शाळकरी मुलाच्या डोक्यातला "कोंडा" हा कोंडा नसण्याची शक्यता मोठ्या माणसापेक्षा बरीच जास्त, हे खरं. कोंडा ज्या मॅलॅसेझिया बुरशीमुळे होतो ती तेलावर जगते, आणि वयात येण्याआधी टाळूवर तेवढं तेल नसतं.

केस बाजूला करून बघा. एकाच जागी खवले, तिथले केस तुटके किंवा त्वचेलगत तुटून काळे ठिपके राहिलेले, मानेमागे गाठी लागतात, तर तो डोक्याचा नायटा. खवल्यांबरोबर दोन-चार तुटके केसही चिमट्याने काढून काचेवर घ्या. मलम केसाच्या मुळाशी पोहोचत नाही, म्हणून पोटातूनच औषध लागतं. ट्रायकोफायटन असेल तर टर्बिनाफिन चार आठवडे: १० ते २० किलोला ६२.५, २० ते ४० किलोला १२५, त्यावर २५० मिलिग्रॅम. मायक्रोस्पोरम ही दुसरी बुरशी असेल तर ग्रिसिओफुल्विन दर किलोला १५ ते २० मिलिग्रॅम, स्निग्ध जेवणाबरोबर, सहा ते आठ आठवडे. तुमच्या साठ्यातलं ग्रिसिओफुल्विन इथे कामी येईल. मऊ, पू भरल्यासारखी गाठ दिसली तर ती चिरायची नाही. तो नायट्याचाच भडका असतो, चिरल्यावर केस कायमचे जातात.

सलूनही विचारा. स्पेनमध्ये अलीकडे कानामागे यंत्राने अगदी बारीक उतरवत नेलेली कटिंग करणाऱ्या तरुणांत ट्रायकोफायटन टॉन्सुरन्सचा डोक्याचा नायटा वाढलेला दिसला, आणि धागा न्हाव्याच्या मशीनपर्यंत गेला. तशीच कटिंग आपल्याकडे तालुक्याच्या गावातही चालते. पात्यात अडकलेले केस ब्रशने काढल्याशिवाय वरून मारलेलं जंतुनाशक आत पोहोचत नाही. तेवढं जरी न्हावीदादांना दाखवलंत तर बरं.

थोरांचा साधा कोंडा असेल तर केटोकोनॅझोल २ टक्के शाम्पू आठवड्यातून दोनदा, दोन ते चार आठवडे. केसांना नाही, टाळूला लावून पाच मिनिटं ठेवायचा, घड्याळ लावून. लगेच धुतला तर काही होत नाही. पुढे आठवड्या-दोन आठवड्यांनी एकदा. भुवया, नाकाच्या कडेपर्यंत लाली-खवले असलेल्यांसाठी रोफ्लुमिलास्ट ०.३ टक्के फेसाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०२३ मध्ये नऊ वर्षांच्या आणि त्यावरील रुग्णांसाठी मान्यता दिली. ते स्टिरॉइड नाही, म्हणून महत्त्वाचं. तुमच्या केंद्रावर मात्र सध्या शाम्पू आणि घड्याळ एवढंच पुरे.

---

आरोग्यकेंद्र_घाटमाथा

काळ्या कागदावर खरवडण आणि स्पिरिट पुसून कडेवरून, हे लॅबच्या भिंतीवर लावतोय. बुरशी_लॅब, एकच विचारायचं राहिलं: पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं द्रावण बनवून किती दिवस चालतं? आमची बाटली बरीच जुनी आहे.

---

बुरशी_लॅब

ती टाका. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून ते कमजोर होत जातं, आणि तळाशी पांढरा थर किंवा बाटलीच्या तोंडाशी पांढरी खरपुडी दिसली की गेलंच समजा. १० ग्रॅम तुकडे थोड्या पाण्यात विरघळवून एकूण १०० मिलिलिटर करा. तुकडे पाण्यात टाका, तुकड्यांवर पाणी ओतू नका, उकळी फुटून अंगावर येतं. हातमोजे आणि चष्मा घाला. घट्ट झाकणाची प्लास्टिकची बाटली वापरा, काचेचं बूच अडकून बसतं. बाटलीवर तारीख लिहा, आणि महिन्यातून एकदा हमखास बुरशी असलेल्या पापुद्र्यावर ते तपासून घ्या.